टीव्हीतला बांध

"बाई, आमचा बांध कुणी कोरला?"

सकाळची प्रार्थना नुकतीच संपली होती. पोरं रांगेनं वर्गात शिरत होती आणि कोंडीराम एक पाय पायरीवर ठेवून शाळेच्या दारात उभा होता. शिवकांताबाईंना वाटलं, माणूस घाईत चुकला. ग्रामपंचायत शाळेच्या भिंतीला भिंत लावून होती आणि तलाठी तिथंच बसायचा. याआधीही दोघंतिघं उतारा मागायला वर्गात शिरले होते.

"कोंडीराम, तलाठी शेजारी बसतात. आणि आज त्यांचा वार नाही," बाई म्हणाल्या.

"तलाठ्याचं काम न्हाय, बाई. म्या शाळंतल्या बांधाचं म्हणतोय. अक्षदाच्या. तुमच्या टीव्हीत हाय तो."

बाईंनी डोळे मिटले. नोकरीत त्यांनी काय काय सोसलं नव्हतं. पोरांच्या उवा सोसल्या, सरपंचांची भाषणं सोसली, दर चार वर्षांनी नवं पुस्तक आणि नवा साहेब सोसला. पण बांधाची तक्रार त्यांनी शाळेच्या पायरीला कधी लागू दिली नव्हती. का लागू दिली नव्हती, ते बोरमाळवाडीत सगळ्यांना ठाऊक होतं. एकट्या, नव्यानंच आलेल्या सोमेश सरांना ठाऊक नव्हतं, आणि घोळ तिथंच झाला होता.

बोरमाळवाडी भूमच्या पुढं, माळाच्या कडेला. कोंडीराम आणि ईरण्णा यांची रानं एकमेकांना लागून. मधल्या बांधावर एक बोर होती. अकरा वर्षांपूर्वी ती कुणीतरी तोडली. कुणी तोडली यावर अजून एकमत नाही, पण त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. आता खेड्यात बोलणं बंद म्हणजे काय, तर एकाच पारावर हातभर अंतरानं बसायचं आणि मधल्या माणसाला सांगायचं, "त्यांना म्हणावं, मोटार बंद करा, पाणी आमच्याकडं आलंय." मधला माणूस ते सांगायचा, पलीकडचा ऐकायचा, आणि उत्तरही त्याच वाटेनं परत यायचं. मधला माणूस नसला तर दोघंही वाट बघत बसायचे.

म्हणून बाईंच्या शाळेत गणितात शेत नव्हतं. पुस्तकात 'एका शेतकऱ्याचे शेत' आलं की बाई वाचता वाचताच त्याची 'एका शाळेची सतरंजी' करायच्या. क्षेत्रफळ सतरंजीचं, परिमिती सतरंजीच्या काठाची. मागं एका नव्या गुरुजींनी फळ्यावर उदाहरण घातलं होतं की रामूने शामूच्या शेताचा पाव भाग घेतला. त्याच संध्याकाळी दोन घरांतून माणसं शाळेत विचारायला आली, की हा रामू कोण. तेव्हापासून सतरंजी.

आणि हे सगळं सांभाळायचं कारणही तसंच होतं. शाळेचा पट होता एकवीस. पट विसाच्या खाली गेला की शाळेचं काही खरं नाही, हे तालुक्याच्या प्रत्येक बैठकीत बाईंच्या कानावर पडायचं. शाळा उठली तर पोरांनी ओढा ओलांडून पुढच्या गावाला चालत जायचं, आणि पावसाळ्यात तो ओढा भल्या गड्याला उभा राहू देत नाही. त्या एकविसांत दोन लेकरं कोंडीरामची आणि दोन नातवंडं ईरण्णाची. दोघांपैकी एकानं जरी दाखले काढले तरी खेळ खलास. बाईंच्या निवृत्तीला वर्ष राहिलं होतं. त्यांचं मागणं एवढंच होतं की शाळेला शेवटचं कुलूप आपल्या हातानं लागू नये.

अशा शाळेत जूनमध्ये सोमेश सर आले. पोरगा मनानं चांगला, पोरांवर जीव लावणारा, पण धाराशिवला आठवड्याचं प्रशिक्षण करून आला तो डोक्यात वारं घेऊनच.

"मॅडम, मुलं खेळत खेळत शिकली पाहिजेत," ते म्हणाले. "आता व्हिडिओ गेममधून क्षेत्रफळ शिकवायचं."

"सतरंजीवर काय कमी खेळतात ती?"

पण सर ऐकणाऱ्यातले नव्हते. तालुक्याहून आलेल्या तीन लॅपटॉपपैकी एक चालू होता. त्याचाही पडदा गेलेला, म्हणून तो त्यांनी कोपऱ्यातल्या टीव्हीला जोडला. टीव्ही गावानं घेऊन दिलेला होता आणि आजवर त्याचा उपयोग वर कापड टाकून त्यावर फुलदाणी ठेवण्यापुरताच झाला होता. गेम होता ठोकळ्यांचा. मातीचे ठोकळे, पाण्याचे ठोकळे, झाडंसुद्धा ठोकळ्यांची. मधोमध एक माणूस, हातात फावडं. बटण दाबलं की चालायचा, दुसरं दाबलं की खणायचा. बाईंनी पहिल्या दिवशी विचारलं, "याचं डोकं चौकोनी का?" सर म्हणाले, तसंच असतं. बाई म्हणाल्या, "चौकोनी डोक्याची माणसं मी तालुक्याला बैठकीत बघते. तेवढी पुरेत मला."

सरांनी तिसरी-चौथीच्या प्रत्येक पोराला त्या गेममध्ये रान काढून दिलं. दहा ठोकळे लांब, दहा ठोकळे रुंद. भोवती मातीचा बांध घाला, आत पेरा, आणि सांगा क्षेत्रफळ किती. पोरांना तर चेव आला. नुसत्या खिचडीच्या वासावर शाळेत येणारी पोरं प्रार्थनेच्या आधी येऊन बसू लागली. हे बाईंनाही दिसत होतं, पण कौतुक करावं तर सर आणखी काही आणतील, या भीतीनं त्या गप्प होत्या. मग एके दिवशी त्यांनी टीव्हीकडं नीट बघितलं आणि हातातला खडू टाकून सरांना गाठलं.

"सर, अक्षदाला आणि योगीराजला शेजारी रान दिलंत?"

"एका बाकावर बसतात, मॅडम. चांगली मैत्री आहे त्यांची."

"बाकावर असते हो मैत्री. बांधावर नसते." बाईंनी त्यांना कोण कुणाचं ते सगळं सांगितलं. अक्षदा कोंडीरामची लेक, योगीराज ईरण्णाचा नातू. सर हसले आणि म्हणाले, उद्या बदलतो.

तो उद्या उजाडला तेव्हा बांध फुटलेला होता. अक्षदाच्या बाजूची तुरीची एक अख्खी ओळ गायब. अक्षदा रडली, योगीराज शपथा घेऊ लागला, आणि पोषण आहार शिजवणारी हरणाबाई दारातून हे ऐकून डाव हातात घेऊन तशीच गावात गेली. गावात पोचेपर्यंत बातमीतला टीव्ही गळून पडला होता. उरलं एवढंच, की कोंडीरामचा बांध कोरला.

कोंडीराम आधी रानात पळाला. बांध मोजायला गेलेल्या माणसाला बांध आजवर कधी पुरा भरलेला नाही. त्यालाही कमीच भरला. संध्याकाळी लेकीनं खरं काय ते सांगितलं, तर माणसानं सुटकेचा श्वास सोडावा की नाही? पण कोंडीरामचा श्वास आणखी वर चढला. रात्रभर तळमळला आणि सकाळी शाळेच्या पायरीवर येऊन उभा राहिला.

बाईंनी त्याला समजावलं, की बाबा, हा खेळ आहे, खोटा आहे.

"बाई, मला येडं समजू नका," कोंडीराम म्हणाला. "सातबारा आता कुठं असतो?"

"कम्प्युटरवर."

"माझ्या चुलत्याच्या नावातली एक वेलांटी तिथं चुकली, तर माणूस दोन वर्सं हेलपाटे घालतोय. खरं रान समोर दिसतंय, पण कम्प्युटर न्हाय म्हणतो म्हंजी न्हाय. व्हय का न्हाय?"

"अरे, पण तो तलाठ्यांचा कम्प्युटर वेगळा, आमचा वेगळा."

"आन तुमचं इंटरनेट कुठून येतंय?"

बाईंची नजर खिडकीकडं गेली. शाळेचं इंटरनेट ग्रामपंचायतीतूनच यायचं. खिडकीतून आत आलेली वायर तिथंच लोंबत होती. कोंडीरामनं तिच्याकडं नुसतं बोट दाखवलं. आज शाळेच्या कम्प्युटरात लेकीच्या नावची एक ओळ कमी झाली, उद्या ती ह्या वायरीनं पलीकडं जाणार आणि उताऱ्यात उतरणार, एवढा सरळ हिशेब होता त्याचा. बाईंना राग आला तो या गोष्टीचा, की हिशेब चुकीचा होता पण कुठं चुकला ते त्यांनाही सांगता येईना.

तेवढ्यात सोमेश सर एसटीतून उतरले. त्यांनी कोंडीरामला खुर्ची दिली, टीव्ही लावला आणि त्याच्या डोळ्यांदेखत बांध परत घातला. तूर परत लावली. अक्षदाचं रान दुसरीकडं हलवतो म्हणाले, तर कोंडीराम म्हणाला, हक्काचं रान सोडून लेक कुठं जाणार न्हाय. कोंडीराम मुकादमासारखा मागं उभा राहून सांगत होता, जरा तिकडं घ्या, जरा वाकडा दिसतोय. सर म्हणाले, काका, ठोकळे आहेत, वाकडे होतच नाहीत. शेवटी कोंडीरामचं समाधान झालं. टीव्हीत तो चौकोनी डोक्याचा माणूस फावडं घेऊन नव्या बांधावर उभा होता. सरांनी त्याला तसाच उभा ठेवला.

सर साडेचारच्या गाडीनं भूमला जायचे. शाळा बंद करायचं काम बाईंचं. खिडक्या लावायच्या, माठ झाकायचा, टीव्हीचं बटण बंद करायचं आणि शेवटी ओल्या फडक्यानं लॅपटॉप पुसायचा. लॅपटॉप बंद करायचा नाही, नुसता झाकायचा, असं सरांनी बजावलं होतं, कारण एकदा बंद झाला की परत उठायला तो दुपार करायचा. आणि सर फळा पुसून डस्टर झटकायचे ते बरोब्बर त्याच्याच डोक्यावर. शिकवायला यंत्र पाहिजे, पण पुसायला बाई पाहिजे, असं पुटपुटत त्या रोज त्याची बटणं अन् बटणं चोळून काढायच्या.

दुसऱ्या दिवशी ईरण्णा आला.

ईरण्णा म्हणजे साठी ओलांडलेला, कपाळाला भस्म लावलेला, सावकाश बोलणारा माणूस. तो खुर्चीवर बसला, पाणी प्याला, गावातल्या पाण्याबद्दल बोलला आणि मग म्हणाला, "योगीराजाच्या सोयाबीनची ओळ गेली म्हणं."

सरांनी टीव्ही लावला. खरंच गेली होती. बांध परत फुटला होता, आणि या वेळी नुकसान पलीकडच्या बाजूला.

"त्यांना म्हणावं," ईरण्णा भिंतीकडं बघत म्हणाला, जणू कोंडीराम भिंतीतच होता, "आमी कोर्टाला भ्यालो न्हाय. कम्प्युटरला भीत न्हाय."

सरांनी पुन्हा बांध घातला. तो पुन्हा फुटला. कधी अक्षदाची तूर जायची, कधी योगीराजचं सोयाबीन. बाकीच्या पोरांच्या रानांना काही होत नव्हतं, फक्त हाच बांध. सरांनी एक दिवस वैतागून दोघांनाही एकेक ओळ जास्त दिली, तर बाकीचं गाव आलं. त्यांना दिली, आमच्या पोरांनी काय घोडं मारलंय? हरणाबाईनं तर बाईंना बाजूला घेऊन हळूच विचारलं, की आमच्या निकिताच्या नावावरपण रान लागलंय म्हणं, खरं का? हरणाबाईला गुंठाभरही जमीन नव्हती. बाईंनी तिला टीव्हीपुढं नेऊन नातीचं रान दाखवलं. ती बराच वेळ बघत राहिली, मग म्हणाली, "काळी दिसतीया माती. चांगली हाय," आणि खिचडी ढवळायला गेली.

शेवटी व्हायचं ते झालं. एकाच सकाळी कोंडीराम आणि ईरण्णा दोघंही आले आणि दोघांनीही दाखले मागितले. पोरांना भूमच्या इंग्रजी शाळेत घालतो, म्हणाले. तिथं सगळं खेळायला असतं, पण कुणाचं रान जात न्हाय.

बाईंनी मनात वजाबाकी केली. चार दाखले म्हणजे सतरा. त्यांना समजावण्यात अर्थ नव्हता, हे त्या एव्हाना शिकल्या होत्या. मग त्यांनी तो मार्ग सोडला आणि वाडीच्या भाषेत बोलल्या.

"घ्या की दाखले," त्या म्हणाल्या. "पण पोरगी गेली की तिचं रान पडीक पडणार. पडीक रान शेजारी कसणार. आणि कसेल त्याची वहिवाट. पुढं मला बोलायचं नाही."

कोंडीरामनं ईरण्णाकडं बघितलं नाही. ईरण्णानं कोंडीरामकडं बघितलं नाही. पण दाखल्याचा विषय तिथंच थांबला. वहिवाट हा शब्दच असा आहे, की तो ऐकल्यावर बोरमाळवाडीत कुणी जागचा हलत नाही.

हलला नाही म्हणजे अगदी शब्दशः हलला नाही. दुसऱ्या दिवसापासून दोघंही शाळेच्या ओसरीत राखणीला बसू लागले. एक या खांबाला टेकून, एक त्या. घरची कामं टाकून टीव्हीतल्या बांधावर नजर. सर बांध दुरुस्त करताना दोघं दोन बाजूंनी मान पुढं काढायचे. मधला माणूस म्हणून बाई. "त्यांना म्हणावं, पोरीला नीट पेरायला सांगा, बी आमच्यात पडतंय." बाई फळ्यावर भागाकार सोडून ते सांगायच्या. बाईंचं डोकं दिवसभर ठणकायचं. आणि एवढी राखण असून सकाळी बांध फुटलेला तो फुटलेलाच. दोघं संध्याकाळी बाईंच्या आधी निघायचे, सकाळी बाईंच्या आधी यायचे. कुलपाची किल्ली बाईंकडं. मग फोडतो कोण? हरणाबाईनं गावभर केलं, की तो फावडंवाला आतल्या आत रातचा हिंडतोय.

अशात विस्तार अधिकारी साहेब भेटीला आले.

बाईंनी देव पाण्यात घालायचे तेवढे बाकी ठेवले होते. साहेब नेमके टीव्हीसमोर बसले आणि अक्षदाला म्हणाले, "बाळ, तुझ्या शेताचं क्षेत्रफळ किती?"

अक्षदा उठली. "कागदावर शंभर चौकोन. वहिवाटीत नव्वद."

साहेबांचा चष्मा खाली आला.

"खोटं बोलतीया," योगीराज शेजारून म्हणाला. "नव्वद माझं हाय. माझी परिमिती चाळीसाची अडतीस झाली. तिची चाळीसच्या चाळीस."

"मोजून दावू का?"

"दाव. ओळ धरून मोज, नेहमीसारखी तिरकी नको."

साहेबांनी आजवर शंभर शाळा तपासल्या असतील, पण चौथीतली पोरं परिमितीवरून हातघाईला आलेली त्यांनी पाहिली नव्हती. त्यांनी आणखी चार पोरांना विचारलं. सगळ्यांना सगळं येत होतं. इतकंच नाही, एक ओळ गेली तर क्षेत्रफळ किती घटतं आणि बांध किती घटतो, हे पोरं न विचारता सांगत होती. मग साहेबांनी ओसरीतल्या दोघांना विचारलं, तुम्ही पालक का, रोज येता का?

"रोज," ईरण्णा म्हणाला. "राखणीला."

साहेबांनी शेऱ्यात लिहिलं, पालकांचा सहभाग उल्लेखनीय. जाताना त्यांनी सोमेश सरांना गाडीजवळ बोलावून घेतलं. शाबासकी असेल म्हणून सर लगबगीनं गेले. साहेब आवाज उतरवून विचारत होते, की आमच्या गावाकडं एक बांध आहे, चौदा वर्षं झाली, हे तुमचं मोजणीला चालेल का?

साहेबांची जीप वळली आणि ओसरीतले दोघं उठले. साहेबांसमोर त्यांनी शाळेची लाज राखली होती, पण आता गाठ बाईंशी होती. कोंडीराम म्हणाला, उद्या सकाळी बांध जागेवर दिसला न्हाय तर वहिवाट गेली खड्ड्यात, दाखला घेणार. ईरण्णा म्हणाला, त्यांना म्हणावं, आमचंबी तेच. पहिल्यांदाच दोघांचं एका गोष्टीवर एकमत झालं होतं, आणि ती गोष्ट बाईंच्या गळ्याला फास होती.

सर गाडीला गेले. पोरं घरी गेली. बाईंनी खिडक्या लावल्या, माठ झाकला. साहेबांच्या गडबडीत आज टीव्ही चालूच राहिला होता. बांध सरांनी दुपारी घातला होता तो सरळ, सुबक दिसत होता आणि फावडंवाला त्याच्यावर उभा होता. एवढा बांध उद्या सकाळपर्यंत टिकू दे, असं मनात म्हणत बाईंनी फडकं ओलं केलं आणि लॅपटॉप पुसायला घेतला.

खट खट खट.

बाईंनी वर बघितलं. टीव्हीत फावडंवाला कामाला लागला होता. बांधाचा एक ठोकळा गेला, दुसरा गेला. बाईंनी हात थांबवला. तोही थांबला. बाईंनी फडकं एक बोटभर पुढं सरकवलं. त्यानं सोयाबीनच्या ओळीवर फावडं घातलं.

बाई खुर्चीवर बसल्या. त्यांनी फडक्याकडं बघितलं, मग दाराकडं, मग पुन्हा फडक्याकडं. रोज संध्याकाळी कानाकोपऱ्यातून चोळून काढलेली ती बटणं त्यांना एकेक करून आठवली.

मग जे आपण आयुष्यात कधी करू असं त्यांना वाटलं नव्हतं, ते त्यांनी केलं. शिवकांताबाई गेम खेळायला बसल्या. पहिल्यांदा माणूस पोरांनी ठोकळ्यांची बांधलेल्या शाळेच्या छपरावर चढला. मग विहिरीत पडला. त्याला बाहेर काढेपर्यंत बाईंना घाम फुटला. "अरे मेल्या, इकडं," असं त्या टीव्हीशी बोलत होत्या. दिवेलागणीला कुठं बांध उभा राहिला. ठोकळ्याला ठोकळा, एकसारखा. सतरंजीच्या काठासारखा सरळ. बाईंनी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली, आज न पुसताच लॅपटॉप झाकला आणि कुलूप लावलं.

सकाळी त्या आल्या तेव्हा दोघं ओसरीत होतेच. सोमेश सरांनी टीव्ही लावला. बांध जागच्या जागी होता, अख्खा, एकही ठोकळा न फुटलेला. बाईंनी पदरानं कपाळ पुसलं.

मग अक्षदा उठून ओळी मोजू लागली. मोजता मोजता तिचा आवाज बारीक होत गेला. तिच्या ओळी भरल्या अकरा. बांध सरळ होता, पण एक ओळ पलीकडं, योगीराजच्या रानात पडला होता.

ईरण्णा काठीवर हात ठेवून टीव्हीकडं बघत होता. कोंडीरामचा चेहरा मात्र पांढराफटक पडला होता. आजवर त्याचं रान गेलं होतं तेव्हा त्याला काय बोलायचं ते ठाऊक होतं. आता त्याचं रान वाढलं होतं. त्यानं मधला माणूस शोधायला बाईंकडं बघितलं, पण बाई खिडकीतून बाहेर बघत होत्या. मग तो वळला आणि सरळ समोरच्या माणसाशी बोलला.

"ईरण्णा मामा, म्या न्हाय केलं. लेकराची आन."

अकरा वर्षांत पहिल्यांदा. ईरण्णानं त्याच्याकडं निरखून बघितलं.

"ठावं हाय मला," तो म्हणाला. "तू काय करतुस. तुला मोबाईल चार्जिंगला लावता येत न्हाय, पोरीला हाक मारतुस."

"व्हय ना," कोंडीराम मनापासून म्हणाला.

"मंग केलं कुणी?"

दोघांनी सोमेश सरांकडं बघितलं. सरांनी बाईंकडं बघितलं. आता दोघंही बाईंकडं बघू लागले, आणि ओसरीच्या चुलीपाशी हरणाबाईचा डाव थांबला. बाईंच्या हातात सवयीनं सकाळी ओलं केलेलं फडकं होतं.

"रानडुक्कर," बाई म्हणाल्या.

मग ईरण्णानं हळूच मान हलवली.

"वाटलंच मला. माझा मका असाच लोळवला गेल्या साली."

"माझ्या भुईमुगाची तीच गत, मामा. फटाके लावा, बुजगावणं लावा, ऐकत न्हाईत. आता इथंबी शिरले म्हणा."

"इथं तर त्यांना रानच रान. पण म्या म्हणतो, असा सरळ बांध डुक्कर कसा घालंल?"

"नाकानं रेटत नेला असंल, मामा. त्यांचं नाक लई ताकदीचं."

ईरण्णाला ते पटलं. दोघं ओसरीतून उतरले ते डुकरांवर बोलत बोलतच, एकाच वाटेनं, रानाकडं निघाले. दाखल्याचं नाव कुणी काढलं नाही. फाटकातून ईरण्णानं वळून सरांना एवढंच सांगितलं, की दोन्ही रानांना मिळून एकच तारेचं कुंपण घाला, दोन घालाल तर मधी जागा राहील आन तिथून शिरतील.

ते दूर गेल्यावर सोमेश सर हळूच बाईंजवळ आले.

"मॅडम, पण ह्या गेममध्ये रानडुक्कर नाहीच आहे."

"सर," शिवकांताबाई फडकं पदराआड करत म्हणाल्या, "तुम्ही अजून नवे आहात."